देवरे सरांची रिकामी वाटी

देवरे सर कुठलाही विषय त्याचं नाव घेतल्याशिवाय सुरू करायचे नाहीत आणि 'संपलं' म्हटल्याशिवाय सोडायचे नाहीत. "चहाबद्दल," असं म्हणून ते खुर्ची माझ्याकडे वळवायचे. मग चहा आज पाणचट आहे, कोपऱ्यावरच्या टपरीचा बरा असतो, असं काय ते बोलून व्हायचं. मध्येच साखर आठवली तर "त्यात साखरेबद्दल," म्हणून साखरेचा निकाल लावायचा. मग "साखरेचं संपलं", पाठोपाठ "चहाचं संपलं", आणि खुर्ची पुन्हा भिंतीकडे. मी नवीन होते त्या आठवड्यात मला वाटलं, या गृहस्थांचं डोकं जरा सरकलेलं आहे. चार वर्षं शेजारच्या टेबलाशी बसूनही माझं ते मत पूर्ण बदललं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

आमचं ऑफिस नाशकात, इंदिरानगरमध्ये, खाली औषधांचं दुकान आणि वर आम्ही सात माणसं. इतर सगळे संगणकाचे प्रोग्राम लिहायचे. मी मराठीची एम.ए. त्यांनी लिहिलेलं कसं वापरायचं याची साध्या मराठीत पुस्तिका करायची, हे माझं काम. म्हणजे जे मला ओ की ठो कळत नव्हतं ते दुसऱ्याला समजावून सांगण्याचा पगार मी घेत होते. शंका विचारायला गेलं की बाकीचे "ते तसंच असतं" म्हणून मोकळे व्हायचे. देवरे सर मात्र समजावून सांगायचे आणि त्यानंतर माझा गोंधळ दुप्पट व्हायचा.

सर पन्नाशीच्या पुढचे, सटाण्याकडचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि दोन्ही पेनांची टोपणं नेहमी घट्ट लावलेली. टेबलाचा खण उघडला की वस्तू घेऊन लगेच बंद. दुसऱ्याचा उघडा दिसला तरी येता-जाता लावून टाकायचे. एरवी आमच्यासारखंच शहरी मराठी बोलायचे, पण पडद्यावर काही अडलं की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "काय शे हे?" म्हणजे काय आहे हे, असं ते संगणकाला विचारायचे आणि त्याने उत्तर द्यावं अशा बेताने थांबायचेही.

त्यांचं काम काय होतं ते मला समजलं तसं सांगते. सुरगाणा-पेठच्या डोंगराळ भागात वसतिगृहांतल्या मुलांच्या तब्येतीची काळजी घेणारी एक संस्था होती, तिचं काम आमच्याकडे होतं. त्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. जन्मापासूनच असतो, थंडी वाजली किंवा दमणूक झाली की हातापायांत असह्य कळा येतात. म्हणून प्रत्येक मुलाचं रक्त एकदा तपासायचं आणि निकाल नोंदवून ठेवायचा. या नोंदी नाशकात आमच्या संगणकावर, डेटाबेसमध्ये. बघायच्या असायच्या तिकडच्या सिस्टरना, त्यांच्या मोबाईलवर. इकडे प्रश्न विचारला, की अमुक वसतिगृहातल्या मुलांचे निकाल दे, की डेटाबेस ओळी आणि रकाने असं उत्तर काढून देतो. ते उत्तर मोबाईलला जसंच्या तसं वाचता येत नाही. म्हणून मध्ये सरांनी लिहिलेला एक पूल होता. तो त्या उत्तरातला प्रत्येक तुकडा नाव लिहिलेल्या चिठ्ठ्यांमध्ये गुंडाळायचा. आधी 'नाव' अशी चिठ्ठी, मग मुलाचं नाव, मग 'नाव संपलं' अशी चिठ्ठी. मग 'निकाल', मग निकाल, मग 'निकाल संपला'. या गुंडाळण्याला एक्सएमएल म्हणतात आणि त्या चिठ्ठ्यांना टॅग. हे ऐकलं त्या दिवशी मला चहा आणि साखरेचा उलगडा झाला. फक्त एक कळलं नाही, की सर आधीपासून असे होते म्हणून त्यांना हे काम आवडलं, की या कामाने त्यांना असं केलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माहीत नाही." हे त्यांचं सर्वांत आवडतं उत्तर होतं.

आणि इथेच माझी गाडी रुतायची. एखाद्या मुलाची तपासणी झालीच नसेल तर निकालाचा रकाना रिकामा. मग पुलाने काय करायचं? मी म्हटलं, काही नाही तर काही पाठवू नका, त्यात काय एवढं. सरांनी कपाळाला हात लावला. दुपारी जेवायच्या वेळी त्यांनी आपला डबा माझ्यासमोर मांडला. पोळी, भाजी, वरण, आणि चौथी एक छोटी वाटी, धुऊन पुसून ठेवलेली, रिकामी.

"वाटीबद्दल," सर म्हणाले. "ही चटणीची. आज घरी चटणी नाही. तरी आमची मंडळी वाटी भरल्यासारखी ठेवतात. मी उघडतो, बघतो, आज चटणी नाही. विषय मिटला. वाटीच नसती तर मी काय समजायचं? चटणी केली नाही, की भरायची राहिली, की रस्त्यात सांडली? वाटीचं संपलं."

मला हे पटलं आणि नाहीही पटलं. बायकोने रोज एक रिकामी वाटी घासून, डब्यात घालून पाठवायची हा कुठला न्याय, असंही माझ्या मनात आलं. पण सरांचा पूल तसाच चालायचा. निकाल नसलेल्या मुलालाही 'निकाल' ही चिठ्ठी मिळायची, आत काही नसायचं, आणि वर खूण असायची की इथे उत्तर नाही. ती खूण बघून मोबाईलवर 'तपासणी बाकी' असं यायचं. 'आजार नाही' आणि 'माहीत नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि जगातले निम्मे घोटाळे हा फरक न केल्याने होतात, असं सर म्हणायचे. मी मान डोलवायचे आणि पुस्तिकेत काय लिहावं या विचाराने हैराण व्हायचे.

एकदा ऑफिसची सहल घोटीच्या पलीकडे धबधब्यावर जायची होती. यादी फिरली, येणाऱ्यांनी नावापुढे बरोबरची खूण करायची होती, न येणाऱ्यांनी फुली. खालच्या मजल्यावरच्या शंकरमामांचं, म्हणजे आमच्या वॉचमनचं, नाव यादीत होतं आणि पुढे काहीच नव्हतं. सगळ्यांनी ते नाहीमध्ये धरलं. सर यादी घेऊन खाली गेले आणि पाच मिनिटांनी वर आले. मामांना यादी कुणी दाखवलीच नव्हती. मामा सहलीला आले, धबधब्याखाली सर्वांत आधी तेच शिरले, आणि परत येताना गाडीत गात होते.  उतरताना सरांनी सगळ्यांच्या मागे राहून गाडीचा दरवाजा नीट लावला.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझा अजून गोंधळ होतो, कारण चूक कुठे झाली ते मला चारदा ऐकूनही नीट बोट ठेवून दाखवता येत नाही. तिकडच्या एका वसतिगृहावर भोये सिस्टर होत्या, त्याच भागातल्या. त्यांचा सरांना वरचेवर फोन यायचा, की फाईल उतरतच नाही हो सर. सिग्नल मिळायला त्या टेकडीवर जाऊन उभ्या राहायच्या, फाईल अर्धी यायची आणि तुटायची. सरांच्या चिठ्ठ्याच इतक्या, की आतल्या मजकुरापेक्षा चिठ्ठ्यांचं ओझं जास्त. प्रणव, जो मोबाईलवरचं ॲप लिहायचा, तो कधीचा म्हणत होता, की प्रत्येक मुलाचे निम्मे रकाने रिकामेच असतात, रिकामे टॅग गाळा, फाईल निम्म्यावर येईल. सर ऐकायचे नाहीत. पण त्या डिसेंबरात सिस्टर फोनवर म्हणाल्या, "सर, उन्हाची तीनदा चढले आज टेकडी, पाय भरून आले माझे."  मग प्रणवने विचारलं, "गाळू ना सर, चालेल?" आणि सर म्हणाले, "चालेल."

प्रणवच्या ॲपमध्ये अगदी सुरुवातीपासून एक ओळ होती. निकालाची चिठ्ठी सापडलीच नाही, तर पडद्यावर 'निगेटिव्ह' दाखवायचं, म्हणजे आजार नाही. काहीतरी दाखवायला हवं म्हणून त्याने ती लिहिली होती, आणि सरांची चिठ्ठी कधी गळतच नसल्यामुळे त्या ओळीवर कधी वेळच आली नव्हती. आता आली. सिस्टरची फाईल एका दमात उतरली, त्यांनी खूश होऊन फोन केला, आम्ही सगळ्यांनी भजी मागवली. सरांनीही खाल्ली. पण भज्यांबद्दल ते काही बोलले नाहीत, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

महिन्याभराने सिस्टरचा पुन्हा फोन आला. रंजना म्हणून सहावीतली एक मुलगी, थंडी पडल्यापासून हातपाय दुखतात म्हणून रडायची, पहाटे उठायची नाही, कामाला हात लावायची नाही. सिस्टर तेव्हा दुसऱ्या वसतिगृहावर होत्या. रंजनाच्या वसतिगृहाचा कारभार बघणाऱ्या बाईंनी मोबाईलवर पाहिलं, निकाल निगेटिव्ह. म्हणजे पोरगी ढोंग करते. तिला दोनचारदा सगळ्यांसमोर तसं बोलून झालं. शेवटी बाप आला आणि तिला घेऊन गेला. सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांना आठवलं, की तपासणीच्या दिवशी रंजना गावी गेलेली होती. मग हा निकाल आला कुठून?

सरांनी फोन ठेवला आणि ते पडद्याकडे वळले. "काय शे हे," म्हणाले, पण या वेळी उत्तराची वाट न बघता. संध्याकाळपर्यंत त्यांनी यादी काढली. तपासणी न झालेली आणि निगेटिव्ह दिसणारी अशी सतरा मुलं होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीच्या साहेबांनी मला बोलावलं. संस्थेला पत्र लिहायचं होतं, मराठीत, आणि मऊ. 'तांत्रिक अडचणीमुळे काही नोंदी अपूर्ण दिसल्या असण्याची शक्यता आहे,' असं मी लिहिलं. माझ्या मते ते झकास वाक्य होतं, त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं. सर माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"पत्राबद्दल," ते म्हणाले. "यात एक जागा रिकामी आहे, मॅडम. कुणी केलं ते नाही. लिहा, देवरे यांनी केलं."

मी म्हटलं, सर, ती ओळ तर प्रणवची होती. ते म्हणाले, त्याने मला विचारलं होतं, मी चालेल म्हटलं. मी म्हटलं, पण तुम्ही सिस्टरच्या पायांसाठी केलंत. ते म्हणाले, हो, तेही लिहायचं असेल तर लिहा, पण आधी नाव. मी नाव लिहिलं. साहेब भडकले, मग त्यांनी पत्र तसंच जाऊ दिलं, आणि पुलाचं काम सरांकडून काढून प्रणवकडे दिलं. प्रणव दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. सरांनी मात्र शेजारी बसून त्याला सगळं शिकवलं, पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत, आणि महिनाअखेर राजीनामा दिला. हा प्रामाणिकपणा होता, की अपराधाचं मोठं गाठोडं एकट्याने उचलण्याचा हट्ट, ते मला आजही ठरवता येत नाही. मला त्यांचा राग आला होता एवढं आठवतं. शेजारचं टेबल रिकामं होणार म्हणूनही आला असेल.

सिस्टरनी पंधरा दिवसांत सोळा मुलांची तपासणी केली. रंजना राहिली. तिचे आईवडील गावातल्या इतर लोकांबरोबर द्राक्षांच्या कामाला खाली उतरले होते, निफाडच्या बाजूला कुठेतरी, आणि तिला बरोबर नेलं होतं. कुठेतरी म्हणजे शेकडो बागा. सर रविवारी स्कूटर घेऊन निघायचे, मग नोकरी सुटल्यावर रोज. मजुरांच्या टोळ्या जिथे उतरतात तिथे जाऊन विचारायचे. त्यांच्या खिशात ती यादी होती, सोळा नावांपुढे निकाल लिहिलेला, एकापुढे मोकळी जागा.

एका सकाळी त्यांचा मला फोन आला. विंचूरच्या अलीकडे एका बागेत सुरगाण्याची टोळी आहे, मुकादम म्हणतो रंजना नावाची पोरगी आहे, तुम्ही चला, मुलीशी आणि आईशी बोलायला बाई माणूस असलेलं बरं. मी रजा टाकली आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. वाटेत ते एकाही विषयावर बोलले नाहीत.

बागेच्या बांधाला ताडपत्र्या टाकून खोपटं केली होती. त्यातल्या एकासमोर दहा-अकरा वर्षांची मुलगी उन्हात बसली होती, मांडीवर धाकटं भावंड, आणि स्वतःचे दोन्ही हात काखेत दाबून धरलेले. मी नाव विचारलं. तिने सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "मी आज पाणी भरलंय." तेवढ्यात आई वेलींच्या रांगेतून आली. तिची बोटं द्राक्षाच्या पानांचा रस लागून काळी झाली होती. आम्ही शाळेकडून आलोय असं तिला वाटलं. मी जमेल तसं समजावलं. ती ऐकत होती, पण बघत होती सरांकडे.

"शाळेत म्हणले ढोंग करती," ती म्हणाली. "मोबाईलमधी आलंय म्हणं, काय नाय हिला. आन हितं थंडीची रडत बसती. काय नाय ना साहेब हिला?"

काही नाही हो ताई, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. कुणीही तेच म्हणालं असतं. समोर एवढी थकलेली बाई उभी असताना दुसरं काय म्हणायचं असतं?

"माहीत नाही," सर म्हणाले. "तिला कुणी तपासलंच नाही. मोबाईलमध्ये आलं ते माझ्या चुकीने आलं. दुखतंय म्हणते ते खरं धरा. कशाने दुखतं, ते आज दवाखान्यात जाऊन विचारू."

 आई मुलीकडे वळली, आणि एकदम खाली बसून तिने रंजनाचे हात काखेतून काढून आपल्या हातांत घेतले. मला रडू आलं. मी स्कूटरकडे जाऊन उभी राहिले.

निकाल मला नंतर सिस्टरकडून कळला. रंजनाला तो आजार होता. गोळ्या सुरू झाल्या, ती वसतिगृहात परत गेली, थंडीत तिला जाड पांघरूण मिळतं आणि पहाटे कुणी उठवत नाही. ढोंग म्हणणाऱ्या बाईंनी तिला जवळ घेतलं असंही कळलं. प्रणवने ती ओळ काढून टाकली आहे आणि आमचा नवा पूल आता चिठ्ठ्याही निराळ्या पद्धतीने गुंडाळतो, फाईल बारीक असते आणि रिकामी जागा रिकामी दिसते. ते त्याने कसं जमवलं ते मला समजलेलं नाही. मग इतकी वर्षं सरांनी तसं का केलं नाही, हेही समजलेलं नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते बागेत गेलो त्याच दिवशी दुपारी, रंजनाला तपासायला नेलं त्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. बाहेरच्या बाकावर एका टोकाला रंजनाची आई, मध्ये रंजना, दुसऱ्या टोकाला सर. रक्त घेऊन झालं होतं, मोठे डॉक्टर यायचे होते. सरांनी डबा उघडून तिच्या पुढ्यात ठेवला होता आणि ती पोळीभाजी खात होती. खाता खाता तिने चौथ्या वाटीत डोकावून पाहिलं.

"यातलं कुणी खाल्लं?"

"कुणी नाही," सर म्हणाले. "आज चटणी नाही."

तिने मान डोलावली. तिला ते लगेच कळलं. मला चार वर्षं लागली होती.

माझ्या बसची वेळ झाली होती, घरी मुलगी शाळेतून यायची होती. मी उठले तसे सरही उठले आणि दोन पावलं माझ्याबरोबर आले.

"रंजनाबद्दल," ते म्हणाले, आणि बोटांवर मोजत सांगू लागले. पक्का निकाल नाशिकहून येईल. तोवर उबेत ठेवायचं. पाणी भरपूर. सिस्टरना फोन झालाय. मुकादमाशी बोलायचं राहिलंय, उद्या जाईन. तेवढ्यात आतून कुणीतरी तिच्या नावाने हाक मारली. सर बोलता बोलता थांबले, तसेच मागे फिरले, आणि त्या दोघींच्या मागोमाग आत गेले. जाताना त्यांनी दार लावलं नाही. डबा बाकावर उघडाच राहिला होता.

मी फाटकापाशी थोडा वेळ थांबले. ते बाहेर येऊन 'संपलं' म्हणतील, असं मला वाटत होतं. बस आली तेव्हा मला निघावं लागलं.